सोडचिठ्ठी आणि सूटपत्र

आमचे शहागड गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. पूल ओलांडला की गेवराई तालुका आणि बीड जिल्हा लागतो. संभाजीनगरहून सोलापूरकडे जाणारी एस.टी. इथे घटकाभर थांबते. उतारू चहा पितात, नदीकडे एक नजर टाकतात आणि पुढे जातात. नदीकाठाने थोडे गेले की पलीकडच्या तीरावर राक्षसभुवन आहे. तिथे १७६३ च्या ऑगस्टात माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. मी तीस वर्षे इतिहास शिकवला, म्हणून ही सनावळी तोंडावर येते. वाचकांनी तेवढे सोसावे. पण आज लिहायचे आहे ते लढाईविषयी नाही. ज्या इतिहासाला शाळेच्या पुस्तकात धडा नाही, आणि ज्याची सुरुवात माझ्यापुरती आमच्या ओसरीवर झाली, त्याविषयी लिहायचे आहे.

साल १९७२. दुष्काळाचे. जायकवाडीचे धरण तेव्हा पैठणला बांधून होत होते आणि आमच्या गोदावरीत वाळूच जास्त होती. लोक खडी फोडायला जात, सुकडी आणि मिलोवर दिवस काढत. त्याच पावसाळ्यात, म्हणजे पावसाळा म्हणायच्या दिवसांत, माझी थोरली बहीण, आमची अक्का, सासरहून कायमची परत आली. तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि चौघा पंचांच्या अंगठ्यांचा एक कागद होता. त्या कागदाला आमच्याकडे सोडचिठ्ठी म्हणतात. आमच्या समाजात ही चाल जुनी आहे. पंच बसतात, दोन्हीकडची माणसे बोलतात, काडी मोडतात आणि बाई मोकळी होते. १९५५ साली हिंदू विवाहाचा कायदा झाला, त्यानेही आपल्या एकोणतिसाव्या कलमात रूढीने मिळणारी अशी फारकत राखून ठेवली. तेव्हा कायद्याने अक्काचे सारे ठीक होते. रूढीनेही ठीक होते. ठीक नव्हते ते एवढेच की, गावातल्या बायका तिच्याशी बोलताना आता तिच्या तोंडाकडे पाहत नसत.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी पाटावर बसलो होतो. वय चौदा. अक्काने ताट केले होते. तेवढ्यात आत्या म्हणाली, "तिनं नको. धाकटीला ओवाळू दे." पुढे काही बोलली नाही, बोलायची गरजही नव्हती. अक्काने ताट खाली ठेवले. आईने पदर तोंडाला लावला. अण्णा उगाच उठून बाहेर गेले. मी पाटावर तसाच बसून राहिलो. त्या वयात माणसाला काय करावे ते कळत नाही. पुढेही फारसे कळते असे नाही.

त्याच वेळी सिस्टरबाई दारात आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, जालन्याकडच्या ख्रिस्ती, तिशीच्या आतबाहेर, आणि गावात एकट्या राहत. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्या हातून किती पोरे जन्मली याची मोजदाद नव्हती. आत्याचा नातूही त्यांच्याच हातचा, तोही आडवा आलेला. त्यांनी ताटाकडे पाहिले, अक्काकडे पाहिले, आणि पायांतल्या चपला काढता काढता म्हणाल्या, "अगं, वात विझेल ना. ओवाळ की त्याला." आत्या गप्प राहिली. नातवाचे देणे होते. अक्काने मला ओवाळले. सिस्टरबाई भिंतीला टेकून बसल्या आणि शेवयाची खीर मागून घेऊन खाल्ली.

रात्री आईने त्यांना विचारले, "सिस्टर, तुमचे मालक कुठं असतात?" आईला वाटले होते, नोकरीमुळे दूर असतील. त्या सहज म्हणाल्या, "वहिनी, ते गेले सोडून. आठ वर्षं झाली. पण तुमच्या लेकीला कागद मिळाला, मला तो मिळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात पुढे कित्येक वर्षे राहिले. इतिहास वाचू लागलो तेव्हा मी त्याचे उत्तर शोधू लागलो, आणि एका बाईच्या एका वाक्यासाठी मला रोमी न्यायसभांपासून मुंबई हायकोर्टापर्यंत हिंडावे लागले.

मराठी बायबलात घटस्फोटाच्या कागदाला फार सुंदर शब्द आहे : सूटपत्र. मोशेच्या नियमशास्त्रात नवऱ्याने बायकोला सूटपत्र लिहून द्यावे आणि घरातून लावून द्यावे, अशी मुभा आहे. येशूच्या आगेमागे यहुदी पंडितांत या मुभेवर मोठा वाद होता. शम्मायचा पंथ म्हणे, गैरवर्तनाखेरीज बायको सोडता येणार नाही. हिल्लेलचा पंथ म्हणे, स्वयंपाक करपला तरी पुरे. सूटपत्र लिहिणारा नेहमी पुरुष असे, हातात घेऊन रस्त्यावर येणारी नेहमी बाई. या पार्श्वभूमीवर येशूने लग्न मोडण्याविरुद्ध जे कडक शब्द उच्चारले ते वाचले म्हणजे त्यांचा रोख कोणाकडे होता हे उमगते. ज्याने बायकांना वाऱ्यावर सोडण्याची वाट बंद केली, तोच शोमरोनाच्या विहिरीवर भर दुपारी एका बाईकडे पाणी मागतो. त्या बाईला पाच नवरे झाले होते, आणि गावच्या बायकांबरोबर सकाळी पाण्याला येण्याचे तिला बहुधा नको वाटत असे. आमच्याकडे नदीच्या घाटावर भर दुपारी एकटी पाणी भरणारी बाई दिसली की काय समजायचे ते समजतात. मला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नाही.

पुढच्या शतकांत मात्र नियमाचा भाग मोठा झाला आणि विहिरीचा भाग लहान. रोमन चर्चने लग्न अभंग ठरवले. प्रॉटेस्टंट पंथांनी व्यभिचार आणि त्याग यांसाठी थोडी फट ठेवली. इंग्लंडात १८५७ पर्यंत लग्नाचे खटले धर्मपीठाच्या कोर्टात चालत आणि पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटात खासगी कायदा करून घ्यावा लागे. तो परवडे फक्त श्रीमंतांना. हे सारे जहाजातून आपल्याकडे आले.

आपल्याकडे पहिला प्रश्न निराळाच उभा राहिला. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको होईना, किंवा उलट, तर त्या लग्नाचे काय? बायकोच्या दृष्टीने नवरा जातीबाहेर गेला, म्हणजे जिवंतपणी मेला. पण ती विधवा नाही आणि सवाष्णही नाही. आमच्या जालन्याशी या प्रश्नाचा धागा जवळचा आहे. जालन्याला मिशनचे काम उभे करणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातले. ते मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहायला गेला होता. बापाने कोर्टात दावा लावला आणि न्यायाधीशाने मुलगा अज्ञान म्हणून बापाच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढी खटपट केली आणि त्यापायी केवढा रोष पत्करला! घर दुभंगणे म्हणजे काय हे नारायण शेषाद्रींनी पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनीच पुढे जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसवले. तिथे आले ते बहुतेक मांग आणि महार समाजांतले लोक, गावकुसाबाहेरून निघालेले.

आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. या समाजांत काडीमोड होती, पाट होता. नवऱ्याने टाकलेली बाई पंचांपुढे मोकळी होई आणि दुसरा संसार मांडी. ती ख्रिस्ती झाली, तिला अक्षर मिळाले, औषध मिळाले, देवळात बसायला जागा मिळाली; पण काडीमोड गेली. ख्रिस्ती विवाहाला जातीची रूढी लागू होत नाही. धर्मांतराने तिच्या पायांतल्या अनेक बेड्या तुटल्या, आणि पूर्वी नव्हती अशी एक पडली. मिशनऱ्यांवर मी ठपका ठेवत नाही. त्यांना आपल्या देशातले लग्न तेवढे ठाऊक होते. पण सिस्टरबाईंच्या वाक्याचे निम्मे उत्तर इथे आहे.

दुभंगलेल्या घरांसाठी सरकारने १८६६ साली एक कायदा केला. तो आणला सर हेन्री मेन यांनी, त्या वेळचे कायदेमंत्री म्हणा. मागे आधार सेंट पॉलच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा : विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून जात असेल तर जाऊ द्यावा, अशा प्रसंगी बंधन नाही. कायद्याची रीत मोठी सावध होती. ख्रिस्ती झालेल्या माणसाने अर्ज करायचा. न्यायाधीशाने दुसऱ्या जोडीदाराला विचारायचे, धर्म बदलला म्हणूनच तू नांदत नाहीस ना? हो म्हटले तर खटला एक वर्ष तहकूब. वर्षानंतर पुन्हा तोच प्रश्न. तेव्हाही नकार असेल तर लग्न मोडल्याचा हुकूम. एक वर्ष थांबण्याची ही अट मला त्या सबंध कायद्यातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. रागाला निवायला एक वर्ष कमी पडते, पण निदान पोळा, दिवाळी, संक्रांत एकेकदा येऊन जातात.

या कायद्याचे दार ज्यांना सहज ठोठावता आले असते असे एक जोडपे साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. बायको लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. बातमी आली तेव्हा घरात काय झाले ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. १९३४ ते १९३६ या काळात ते पुस्तक चार भागांत निघाले, आणि अजून ज्यांच्या घरी नसेल त्यांनी या दिवाळीत आणावे. जवळजवळ पाच वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुष्कळसा काळ पंढरपुरास बहिणीच्या आधाराने. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाणे म्हणजे धर्म बुडवणे. माहेरी राहणे म्हणजे रोज कोणाच्या तरी नजरेला उत्तर देणे.

टिळक तेव्हा नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, डॉक्टर ह्यूम यांच्या सहवासात. कायद्याने त्यांना वर्षा-दीड वर्षात मोकळे होता आले असते. त्यांनी ते केले नाही. ते वाट पाहत राहिले. स्वभावाने विलक्षण तापट आणि उतावळा माणूस. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या तऱ्हा रंगवून सांगताना हातचे काही राखलेले नाही. असा माणूस पाच वर्षे थांबला, हे मला त्यांच्या कवितेपेक्षाही मोठे वाटते. आणि जेव्हा लक्ष्मीबाई शेवटी नगरला आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या. वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळे-ओवळे सारे बरोबर घेऊन आल्या. ख्रिस्ती पाळकांच्या आणि शिक्षकांच्या वस्तीत एक बाई सोवळ्यात स्वयंपाक करते आहे आणि तिला कोणी हटकत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. आधी त्यांच्या मनातली जात गेली, आणि मग १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. त्याचा मोठा भाग लिहिला तो या एकेकाळी दुरावलेल्या बायकोने.

सगळ्यांचे असे होत नाही. टिळकांचे मीलन झाले म्हणून ते गोड. ज्यांचे होत नाही त्यांच्यासाठी १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा होता, इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेला. सिस्टरबाईंच्या वाक्याचे उरलेले उत्तर याच कायद्याच्या दहाव्या कलमात आहे. ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला छळ, किंवा दोन वर्षांचा त्याग, किंवा असे आणखी काही सिद्ध करावे लागे. म्हणजे नवऱ्याने टाकले एवढे पुरेसे नव्हते, मारले एवढेही नव्हते. टाकून गेलेला नवरा कुठल्या शहरात, कोणाबरोबर राहतो याचा पुरावा गोळा करायचा कोणी? शहागडच्या नर्सने? समजा केला, तरी जिल्हा न्यायाधीशाचा हुकूम पक्का नाही. तो हायकोर्टात जायचा आणि तिथे तीन न्यायाधीशांनी तो कायम करायचा. त्या काळी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि हायकोर्ट मुंबईला. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ साली झाले. निजामाच्या राज्यात तर हा कायदा फक्त ब्रिटिश प्रजाजनांपुरता होता. निजामाच्या ख्रिस्ती रयतेला त्याचाही आसरा नव्हता.

पण या रुक्ष कायद्यात दोन कलमे मला अशी सापडली की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. अठ्ठावनावे आणि एकोणसाठावे. ज्याचे पहिले लग्न त्याच्याच व्यभिचारामुळे मोडले आहे, अशाचे दुसरे लग्न लावण्याची सक्ती इंग्लंडच्या चर्चच्या कोणाही पाळकावर करता येणार नाही, असे अठ्ठावनावे कलम म्हणते. पाळकाच्या विवेकाला तेवढी मोकळीक. पुढचे कलम म्हणते, त्या पाळकाने नकार दिला, पण त्याच धर्मप्रांतातला दुसरा कोणी पाळक लग्न लावायला तयार असेल, तर पहिल्याने त्याला आपले देऊळ वापरू द्यावे. तुला मनाने पटत नसेल तर तू बाजूला हो. पण दाराला कुलूप लावू नको. पोथीतला नियम आणि दारात उभा माणूस या दोहोंच्या मधली वाट इतक्या थोडक्यात कोणी आखलेली मी पाहिली नाही. ती आखली कायदा करणाऱ्या इंग्रज वकिलांनी, ही त्यातली मौज.

करुणा आणि कायदा यांची उलट गाठ रखमाबाईंच्या खटल्यात पडली. त्या ख्रिस्ती नव्हत्या. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागले आणि पुढे त्यांनी नांदायला नकार दिला. नांदवण्याचा दावा ही रीत हिंदू धर्मशास्त्रातली नव्हे. ती इंग्लंडच्या धर्मपीठांची. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली नेमके हेच बोट दाखवून दावा फेटाळला. अपिलात खटला परत आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्यात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. ज्या इंग्लंडातून ही रीत आली तिथे अशी कैद १८८४ सालीच बंद झाली होती! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनी बायकांची सेवा केली. पण लग्न कागदावर तसेच राहिले. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी पांढरे लुगडे नेसले.

याच वेळी पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात रखमाबाईंचा खटला आहे, आणि सरकारच्या न्यायावरचा संतापही. रमाबाई १८८३ साली वाँटेजला ख्रिस्ती झाल्या होत्या, पण चर्च सांगते म्हणून गप्प बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. ते विधवांसाठी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. दुष्काळाच्या साली तिथे बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. तिथे दाराशी येणाऱ्या बाईला पहिला प्रश्न पोटाचा विचारला जाई; नवऱ्याचा मागाहून. आणि ज्यांना समाजाने सरळ वाईट म्हणून टाकले होते त्यांच्यासाठी रमाबाईंनी वेगळे घर बांधले आणि त्याला नाव दिले कृपासदन. कृपा हा शब्द ख्रिस्ती मराठीत फार वापरला जातो, इतका की कधी कधी तो गुळगुळीत झाल्यासारखा वाटतो. केडगावला त्याला भिंती आणि छप्पर होते.

गोव्याची तऱ्हा आणखी निराळी. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि महिन्याभरात घटस्फोटाचा कायदा झाला. तो गोव्यालाही लागला. म्हणजे गोव्यातल्या बाईला जे तेव्हा मिळाले ते कोल्हापुरातल्या किंवा शहागडातल्या बाईला मिळायला कितीतरी वर्षे जावी लागली. पण १९४० साली पोर्तुगालने पोपशी करार केला आणि त्यानंतर चर्चमध्ये लग्न लावलेल्यांना ती वाट बंद झाली. दार उघडून पुन्हा लावण्याचे असे उदाहरण विरळा.

आता घरी येतो. आमच्या जिल्ह्यातल्या जांब गावचे नारायण ठोसर, म्हणजे समर्थ रामदास, 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले ही कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. पळणाऱ्या मुलाचे केवढे कौतुक! अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीचे नाव कीर्तनकार घेत नाहीत. हे मी एकदा शाळेत वर्गात बोललो आणि एका पालकाची चिठ्ठी आली. असो.

सिस्टरबाई शहागडात सात वर्षे होत्या. गावात देऊळ नव्हते. नाताळला आणि ईस्टरला त्या आपल्या गावी जात. तिथल्या मंडळीत काही वडीलधाऱ्यांना त्यांचे येणे रुचत नसे. मुलांचा रविवारचा वर्ग त्या पूर्वी घेत, तो काढून घेतला होता. नवऱ्याने टाकलेली म्हणजे तिचेच काही चुकले असेल, हा न्याय सगळ्या धर्मांत सारखाच चालतो. पण एक म्हातारे पाळक होते. ते वर्षातून दोन-तीनदा एस.टी.ने शहागडला यायचे, हातात कापडी पिशवी, तीत पोथी आणि प्रभुभोजनाचा लहानसा पेला. सिस्टरबाईंच्या खोलीत ते दोघेच बसत, आणि दार उघडे असे. मी एकदा औषध आणायला गेलो तेव्हा पाळकसाहेब टिळकांचे भजन म्हणत होते. सिस्टरबाई ताटलीवर बोटांनी ठेका धरत होत्या. मला त्यांनी खूण करून बसवून घेतले. परत निघताना पाळकसाहेब आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबले. अण्णा वारकरी, दोघांचे तुकारामावरून जमले. अण्णांनी विचारले, "तुमच्यात मग या बाईंना सुटका नाहीच का?" पाळकसाहेब बराच वेळ नदीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सुटका द्यायला मी कोण, माउली? मी भाकर मोडून देतो. ती मला कोणी बंद केलेली नाही."

१९७५ साली अक्काचा पाट लागला, गेवराईकडच्या एका बिजवराशी. माणूस भला निघाला. पाटाला सवाष्णी येत नाहीत, रात्री उरकतात, वाजंत्री नसते. सिस्टरबाई दवाखान्यातून सुटून तशाच पांढऱ्या साडीत आल्या, अक्काची वेणी त्यांनी घातली, आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, रडायचं नाही. हे रडायचं लग्न नाही." पुढे त्यांची बदली झाली.

कायदा हलायला फार वेळ लागला. १९९७ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने दहाव्या कलमातली ती दुहेरी अट घटनेविरुद्ध ठरवली : छळ आणि त्याग यांना व्यभिचाराची जोड हवी असे म्हणणे म्हणजे ख्रिस्ती बाईवर अन्याय. २००१ साली संसदेने कायदाच दुरुस्त केला. नवरा-बायकोला सारखी कारणे मिळाली, नुसता दोन वर्षांचा त्याग पुरेसा झाला, दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची वाट आली, आणि हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांची पायरी गेली. एकशे बत्तीस वर्षे लागली. या बदलासाठी देशातल्या अनेक चर्चनी आणि ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली होती, हे इथे नमूद करणे जरूर आहे. रोमन चर्चच्या बाजूला पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली विवाह रद्दबातल ठरवण्याची रीत सोपी केली आणि पुढच्या वर्षी दुभंगलेल्या घरांतल्या माणसांना मंडळीबाहेरचे समजू नका असे धर्मगुरूंना लिहिले. त्यावर त्यांच्याच लोकांत केवढा वाद झाला ते सर्वश्रुत आहे.

२००१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी वर्तमानपत्राचे कात्रण खिशात घालून जालन्याला गेलो. सिस्टरबाई निवृत्त झाल्या होत्या. एका खोलीचे घर, दारात तुळशीसारखे वाढवलेले सब्जाचे झाड, भिंतीवर कॅलेंडर. केस पिकले होते, पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. मी कात्रण पुढे केले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश, शेवटपर्यंत वाचले. घडी करून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "चांगलं झालं. आमच्या दवाखान्यातल्या त्या नव्या पोरीला दाखवते, तिला लागेल." मग थोडे थांबून कात्रण पुन्हा मागून घेतले आणि पोथीत ठेवले.

मी विचारले, "आणि तुम्ही?"

"मी आता एकोणसाठ वर्षांची, बाळा. कागद घेऊन कुठं जाऊ?" त्या हसल्या. "अक्का कशी आहे ते सांग. तिचा मोठा कितवीला?"

मी सांगितले की मोठा कॉलेजात गेला आणि धाकटी भाऊबीजेला त्याला ओवाळणार आहे. अक्काने त्यांच्यासाठी करंज्या दिल्या होत्या, त्या डब्यातून काढून दिल्या. त्यांनी एक तिथेच खाल्ली आणि बाकीच्या शेजारच्या पोरांना हाका मारून वाटल्या.